कपडे सैल झालेत का?

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबा तुझ्या शेजारीच बसलेले असतात, म्हणून हे पत्र. आमच्या डॉक्टरांनी नवं खूळ काढलंय. सत्तरीपुढचा कुठलाही पेशंट, मग तो कानातला मळ काढायला का आलेला असेना, आधी त्याला वजनकाट्यावर उभं करायचं आणि जुन्या वजनाशी ताडून बघायचं. ज्याला उभं राहवत नाही त्याला विचारून फॉर्मवर लिहायचं: कपडे सैल झालेत का, कवळी हलते का, ताटात उरतं का. हे सगळं अर्थातच नर्सच्या गळ्यात. सगळे म्हातारे एकच सांगतात, जेवतो की व्यवस्थित. संध्याकाळी माझ्या पायांचे तुकडे पडतात.

काल एका आजोबांचं वजन नऊ किलोनं उतरलेलं निघालं. सुनेला पत्ताच नाही. रोज समोर असलेलं माणूस रोडावलं तर दिसत नाही म्हणाली. तेव्हापासून बाबा डोळ्यांपुढून हलत नाहीत. आईला जाऊन वर्ष झालं. त्यांना एकदा काट्यावर नेशील का? नाहीच जमलं तर निदान या तीन प्रश्नांची उत्तरं कळव.

तुझ्या मागचा व्याप ठाऊक आहे. रागव हवं तर, पण माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


१५ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

खरं सांगते, पत्र वाचून आधी चिडलेच. लांब बसून बापाची तपासणी करणं सोपं असतं गं. शाळेच्या ऑफिसातून घरी पोचते तेव्हा अंगात त्राण नसतं, तरी रोज गरम करून त्यांच्यापुढे ठेवते. दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणाले, मी काय भाजीपाला आहे तोलायला? त्यांच्या हट्टापुढे आईचं चाललं नाही, माझं काय चालणार!

तेव्हा घे उत्तरं. कवळीबद्दल तक्रार नाही. ताट लख्ख असतं. आणि कपड्यांचं म्हणशील, तर सदरा अंगासरसा, पँट कमरेला अगदी बेताची. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेला माणूस, गबाळा कसा राहील? तुझ्या फॉर्मवर सगळं ठीक म्हणून खूण कर आणि झोप. अशी काळजी करत राहिलीस तर तुझंच वजन उतरेल.

लोभ आहेच, तो असल्या प्रश्नांनी आटत नाही.

तुझी,
ताई


२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तरानं चार दिवस बरं वाटलं. आज एका आजींना तेच विचारताना माझं मलाच उमगलं आणि हातातला फॉर्म तसाच राहिला. ताई, आपण एका शिंप्याच्या कपड्यांवरून त्याच्या तब्येतीचा अंदाज काढतोय! माझ्यासारखी शहाणी मीच.

त्यांची पँट उलटी कर आणि आतली शिवण बघ. जे दिसेल ते लगेच कळव. हात जोडते.

धाकटी


६ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पँट उलटी केली. कमरेला एकीच्या आत एक अशा तीन शिवणी. सगळ्या पँटींना तेच, सदऱ्यांनाही. मी ऑफिसात असताना बाबा शिलाई मशीन चालवत होते. पँट तशीच त्यांच्यासमोर धरली. चपला घालून माझ्याबरोबर दवाखान्यात आले. गेल्या वर्षीपेक्षा अकरा किलो कमी.

रक्त तपासलं, पोट तपासलं. मोठा आजार निघाला नाही, सुटले. हिरड्या आक्रसून कवळी सैल झालीय, एक घास चावायला मिनिट लागतं. म्हणून मुळातच चमचाभर वाढून घ्यायचे. मला का नाही सांगितलं, विचारलं, तर म्हणाले, तू दमून येतेस, माझं ताट कधी रिकामं होतंय म्हणून मोरीपाशी उभी असतेस. तुला किती ताटकळत ठेवू?

धाकटे, मी खरंच उभी असायचे. तोंडानं एक शब्द बोलले नाही कधी, पण कधी एकदा भांडी घासून पडते असं व्हायचं आणि ते त्यांना दिसत होतं. तुला हे लिहितानाही लाज वाटते.

नव्या कवळीला महिना लागेल. तोवर सगळं मऊ शिजवते, मधे दूध, अंडं देते, आणि त्यांच्यासमोर बसते. जेवण तासभर चालतं. काल मला बसल्या जागी डुलकी लागली. डोळे उघडले तर बाबा अजून चावतच होते. मग हळूच म्हणाले, थोडं आणखी आहे का गं? पातेल्यात होतं ते सगळं वाढलं.

रजा मिळाली तर चार दिवस ये. त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

तुझीच,
ताई