नलूचा आवाज: वानरांवरचा प्रयोग

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून नियमित नोंदी. निश्चय पक्का.
वानरांनी या आठवड्यात एकोणीस नारळ पाडले. खारघरहून क्षिप्राचा फोन. म्हणाली, बाबा, सात डिसेंबरला येते, वाडी जमत नसेल तर सामान बांधून ठेवा. तिची आई, नलू, गेल्यापासून मी खचलोय, असा मुलीचा समज. अध्यापक विद्यालयात तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं. खचलेला माणूस मला लांबूनही ओळखता येतो. आरशात रोज बघतो. तसलं काही नाही.
योजना: माझ्या 'मनाचे संप्रदाय' ग्रंथातला (काम बावीस वर्षं चालू) एकेक संप्रदाय प्रत्यक्ष वापरायचा. वानरं सुधारतील, ग्रंथही संपेल.

४ नोव्हेंबर, दु. ३.५०
वर्तनवाद. मनात काय चाललंय ते विचारायचं नाही, वागणूक मोजायची. रशियात घंटा आणि कुत्रा होता. इथे ब्लूटूथ स्पीकर आणि बावीस वानरं. वानरं आयुष्यभर नलूच्या आवाजाला घाबरली. तिचा एक व्हॉइस मेसेज माझ्या फोनमध्ये आहे, त्यातले पहिले चार सेकंद घेतले: "अहो, वानरं आली! काठी घेऊन या!"
स्पीकर आंब्याखाली ठेवला. वाजवला. अर्ध्या मिनिटात वाडी रिकामी. कळपाचा म्होरक्या, हुप्प्या, सगळ्यांत आधी पळाला.
शंभर टक्के यश. क्षिप्राला कळवणार.

६ नोव्हेंबर
अंतर्निरीक्षण. हा संप्रदाय सगळ्यांत जुना, जर्मनीतल्या पहिल्या प्रयोगशाळेतला. उद्दीपक द्यायचा आणि स्वतःच्या संवेदना तटस्थपणे टिपायच्या. टिपल्या. आवाज ऐकताच घशात काहीतरी अडकतं. तीव्रता मध्यम. भावना: नाही. सकाळचं घावन असावं.
उद्यापासून घावन बंद.

९ नोव्हेंबर, रविवार
सलग सहा वेळा यश. क्षिप्राला सांगितलं. ती म्हणाली, आईचा आवाज तुम्ही वानरांवर वापरताय? मी प्रयोगाचं स्वरूप समजावलं. ऐकून न घेता म्हणाली, मला पाठवा ना तो मेसेज, माझ्याकडे आईचा आवाजच नाहीये.
रेंज नाही, म्हणालो. फोन रेंजवरच चालू होता, हे नंतर लक्षात आलं.

१२ नोव्हेंबर
सकाळी घावन. (अपवाद.)
धर्माजी नारळ पाडायला आला. प्रयोग बघून हसत बसला. म्हणे, सर, वानरं वैनींच्या आवाजाला न्हाय पळत, तुमाला पळतात. आवाज आला की तुम्ही काठी घेऊन बोंबलत भायेर येता. मी म्हटलं, शक्य नाही, मी ओटीवर बसून नोंदी घेतो. म्हणे, नोंदी मंग कोन घेतं, हुप्प्या?
त्याचं शिक्षण चौथीपर्यंत.

१५ नोव्हेंबर
धर्माजीचं अज्ञान दूर करायला नियंत्रित प्रयोग. मी आत, दाराला बाहेरून कडी, बाहेर धर्माजी. ३.५० ला स्पीकर.
धर्माजीच्या सांगण्यावरून: एकही वानर हललं नाही. हुप्प्या स्पीकरजवळ येऊन बसला आणि मान वाकडी करून ऐकत राहिला. मी आतून दार ठोठावत "आलो, आलो" ओरडत होतो.
मला आठवत नाही. डाव्या हाताची दोन बोटं सुजलीत. कारण अज्ञात.

१८ नोव्हेंबर
मनोविश्लेषण. व्हिएन्नाच्या डॉक्टरांचं म्हणणं, माणूस उगाच काही विसरत नाही. मी क्षिप्राला मेसेज पाठवायला रोज विसरतो. म्हणजे डॉक्टरांचा सिद्धान्त प्रत्येकाला लागू पडत नाही.
पूर्णतेसाठी नोंद: मेसेज एकूण नऊ सेकंदांचा. उरलेल्या पाच सेकंदांत नलू म्हणते, "मला धाप लागलीय. लवकर या हो." दिनांक ११ फेब्रुवारी, दुपारी ३.५२.
त्या वेळी मी वर्तनवादाचं प्रकरण लिहीत होतो. फार चांगलं वाक्य सुचलं होतं. फोन वाजला. वानरं आली असणार, म्हणून उलटा ठेवला. पावणेपाचला धर्माजीनं दार वाजवलं. त्याला ती आंब्याखाली सापडली होती.
क्षिप्राला मी सांगितलंय, लगेच गेलो होतो, शेवटी तिच्याजवळच होतो. वेळा अंदाजे.
ते वाक्य पुढे ग्रंथातून काढलं. फारसं चांगलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर
समष्टिवाद (गेस्टाल्ट). अपुरी आकृती मन स्वतःच पुरी करतं. चार सेकंद वाजवले की पुढचे पाच मला ऐकू येतात, त्याचं एवढंच कारण आहे. घाबरण्यासारखं काही नाही.
स्पीकर आठवडाभर बंद. मनाला विश्रांती.

२४ नोव्हेंबर, दु. ३.५५
अंगणात उभा. हातात काठी. स्पीकर कपाटात, फोन चार्जिंगला. वाडीत एकही वानर नाही.
कोणी हाक मारली?
मानवतावादी संप्रदायाचं प्रकरण आज लिहायचं होतं. बरं वाटत नाही.

५ डिसेंबर
क्षिप्रा परवा येणार. मेसेज डिलीट करायला घेतला. तीनदा. मग वाटलं, प्रयोगाचा मूळ पुरावा नष्ट करणं शास्त्राला धरून नाही.
तिला काय सांगायचं ते बोधात्मक पद्धतीनं ठरवलं. विचार बदलला की भावना बदलते. विचार असा: नऊ सेकंदांत काय होणार होतं?
भावना अजून बदललेली नाही. दोन दिवस आहेत.

७ डिसेंबर, रविवार
क्षिप्रा दिघीवरून वळसा घालून आली, म्हणून उशीर. जेवली. ताट उचलायच्या आधीच म्हणाली, आता ऐकवा. मी चार सेकंदांचं वाजवलं. म्हणाली, पूर्ण.
पूर्ण वाजवलं. तिनं तीनदा ऐकलं. मेसेजखालची वेळ वाचली. मी म्हणालो, मी लगेच गेलो नाही. फोन उलटा ठेवला होता.
म्हणाली, माहितीये. धर्माजीनं तेराव्यालाच सांगितलं होतं. तुम्ही कधी सांगताय, बघत होते.
मी विचारलं, मग रागावली का नाहीस? म्हणाली, रागावलेच होते. म्हणून तर दर रविवारी फोन करत होते.
एवढ्यात वानरं आली. आम्ही दोघंही उठलो नाही. सव्वीस नारळ.

८ डिसेंबर
सामान बांधलं. ग्रंथाची बाडं दोन खोक्यांत बसली. क्षिप्राला विचारलं, खारघरला लिहायला टेबल आहे का?
म्हणाली, आहे. स्वयंपाकघरात. तिथे हाक मारली की ऐकू येते.
मी हो म्हणालो. लगेच.