लढाईवरून परत बोलावणं

आबा, गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गात मी फळ्यावर 'युद्धाची कारणे' असं लिहिलं आणि पुढं हात चालेना. धडा तुमच्याच युद्धाचा होता. उन्हाळ्यात पेटलं, पावसाळ्यात विझलं, आणि पुस्तकात त्याला जेमतेम एक परिच्छेद मिळाला. मी खडू धरून उभी आहे हे बघून मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, या मे महिन्यातलं चार दिवसाचं युद्ध कधी येणार पुस्तकात?" तिच्या शेजारणीनं लगेच तिला गप्प केलं, "चार दिवसाचं कुठं युद्ध असतंय का गं? आमच्यात लग्न पाच दिवस चालतंय की." सगळा वर्ग हसला. आमच्या भवानी पेठेतल्या शाळेत निम्म्या मुली विणकरांच्या घरच्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, जिभेला धार असलेल्या. मीही हसले. पण ते चार दिवस अजून माझ्या अंगातून गेलेले नाहीत, आणि ते का, हे सांगायला तुमच्याशिवाय मला दुसरं कोणी सुचत नाही.

तुमचा जावई फौजेत आहे. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही; तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते. तोही सांगोल्याकडचाच, मेंढरांच्या घरातला. पेन्शनीपुरती वर्षं त्याची भरली आहेत. आता सोडून यायचं की अजून थांबायचं, हे त्याला या महिन्यात वर कळवायचं आहे. लढाईच्या आधी सुट्टीवर आला तेव्हाच तो म्हणाला होता, "तू सांगशील तसं करतो." असं म्हणून त्यानं चहा संपवला आणि मोटारसायकल पुसायला गेला. माझ्यासारखीवर असं काही टाकून माणूस निवांत मोटारसायकल कशी पुसू शकतो? मी दार लावल्यावर तीनदा ओढून बघणारी. मुलींचे पेपर तपासताना अर्धा गुण कापला तरी दुसऱ्या दिवशी पेपर परत काढून वाचणारी. मला एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते बोलायला मी घाबरत होते.

मला शाळेत घालायच्या आधी तुम्हीच घरी शिकवलंत. आई भाकरीचं पीठ परातीत घेऊन पाणी आणायला उठते आणि तुम्ही त्या पिठात बोटं घालून डोंगर करता. मी पाटावर बसलेली आहे. "ही आपली ठानी," तुम्ही म्हणता, "ही त्यांची. आन ह्यो खालनं जानारा रस्ता." थंडीत वर इतका बर्फ पडतो की दोन्हीकडची माणसं खाली उतरतात आणि ऊन पडलं की परत आपापल्या जागी चढतात. हे मला खरंच वाटत नाही. जागा रिकामी टाकून कसं जातात? तुम्ही विचारता, "आपला आजा मेंढरं घिऊन रानोमाळ जायचा, तवा घरदार कोन राखायचं?" कोणी नाही. दाराला नुसती कडी. "आन परत आल्यावर चुलीम्होरं दुसरं कोन बसलेलं असायचं का? न्हाय. कुनी कागदावर लिवून दिलं नव्हतं, पन न्हाय बसायचं. त्या साली बसलं."

युद्धाचं कारण मी पहिल्यांदा असं शिकले. पुढं बी. ए. ला मी पुष्कळ कारणं वाचली. फाळणीपासूनचं काश्मीरचं भांडण, आधीच्या लढाया, दोघांकडं आलेले अणुबॉम्ब, रस्ता तोडला की पलीकडचा सगळा मुलूख अडकेल हा पाकिस्तानचा हिशेब. सगळी खरी आहेत. पण परीक्षेत लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं दर वेळी चूल यायची.

आई परत आली की ओरडायची, "भाकरीच्या पिठात लडाई नका आनू! खायचंय ते." तुम्ही हसून डोंगर मोडायचात. पण हात धुता धुता पुढचं सांगायचात. वर कोणी आलंय हे पहिल्यांदा तिथल्या एका मेंढपाळाच्या नजरेला पडलं, तो हरवलेलं जनावर शोधत वर गेला होता, हे सांगताना तुमची मान ताठ व्हायची, जणू तो आपल्या भावकीतलाच. मग फौज चढली. तुम्ही खेचरांच्या तुकडीत. पाणी, रॉकेल, दारूगोळा लादून वर न्यायचा, तोही अंधारात आणि आवाज न करता, कारण वर बसलेल्यांना खालचं सगळं दिसत होतं. एकेक शिखर घेत घेत आपली माणसं वर गेली, आणि पलीकडचे उरलेले शेवटी मागं फिरले. इतकं तुम्ही सांगायचात. मधला एक तुकडा तुम्ही गाळायचात, ते मला कळायचं, पण कोणता ते कळत नव्हतं. एकदा मी विचारलं, "आबा, तुमी किती मारले?" तुम्ही इतक्या जोरात "गप!" म्हणालात की मी पाटावरून उठले. थोड्या वेळानं तुम्हीच जवळ घेतलंत आणि म्हणालात, "मी वजी वाहिली, पोरी. माज्या हातानं कोन मेलं ते इचारू नको." त्या दोन वाक्यांचा मेळ मला कितीतरी वर्षं लागला नाही.

पुढं फौज सोडून तुम्ही चिंचोळीला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याच्या फाटकावर राखणीला बसलात. सुट्टीत एकदा डबा द्यायला येताना आईनं मलाही तिथं आणलं होतं. तुम्ही खुर्चीत होता. ट्रक आला की उठायचं, फाटक उघडायचं, बंद करायचं आणि परत बसायचं. शेजारच्या माळावर कोणाची तरी शेरडं चरत होती, त्यातलं एक करडू रस्त्याकडं निघालं. मी म्हटलं, "आबा, शीळ घाला की." आजोबांची शीळ मला ठाऊक होती, तुम्हालाही ती येत असणार असं मी धरून चाललेले. तुम्ही उठून, पार धावत जाऊन करडू उचलून आणलंत. आई माझ्याकडं अशी बघत होती, जणू मी काही सांडलंय.

या मे महिन्यात ते चार दिवस आले. काश्मीरमध्ये फिरायला गेलेल्या माणसांना मारलं, मग आपल्याकडून हल्ला झाला, मग दोन्हीकडून ड्रोन आणि क्षेपणास्त्रं. तुमच्या वेळी माणूस डोंगर चढून जायचा; आता यंत्र उडून येतं. जावयाचा आदल्या दिवशी फोन आला होता, "आता फोन लागणार नाही. काळजी करू नको." बस, एवढंच. शाळेला सुट्टी होती, त्यामुळं मला दिवसभर टीव्हीपुढं बसायला मोकळीक. एक वाहिनी म्हणायची अमुक शहर पडलं, दुसरी म्हणायची तमुक. मी इतिहास शिकवणारी बाई, यातलं एकही खात्रीचं नाही हे मला कळत होतं, तरी मी एकही वाहिनी सोडत नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं टीव्हीचं बटणच बंद केलं.

"आगं, बगून काय त्येचा फोन यायलाय व्हय?" म्हणाली. मग माझ्यासमोर शेंगा फोडायला बसली आणि न विचारता सांगू लागली. तो तुम्ही गाळलेला तुकडा.

चढणीवर तुमचं एक खेचर वाट सोडून बाजूला गेलं. खाली दरी. तुम्ही शीळ घातलीत. विचार करून नाही. मेंढरू भरकटलं की आपल्या घरात तोंडातून जी निघते ती. खेचर वळलं. आणि थोड्याच वेळात तुमच्या मागं तोफेचे गोळे पडले. मागून येणारे दोघं गेले. "सायबानं सांगितलं त्यांला," आई म्हणाली, "त्या वळनावर रोजच गोळे पडत्यात, तुज्या शिळेनं काय झालं न्हाय. पन ह्यांला पटलंच न्हाय. दुसऱ्या कुनी शीळ घातली नसती गं. आपल्यातल्यानंच घातली असती."

आईनं मूठभर शेंगा माझ्याकडं सरकवल्या. मग म्हणाली, "मीच म्हटलं त्यांला, सोडा आता, या घरी. आले. माजं ऐकलं. आन हितं खुर्चीत बसून काय करनार मानूस? त्येच घोळवत बसले. तितं जनावरं व्हती, हाताला काम व्हतं, संगतीची मानसं व्हती. दोन सालं आजून ऱ्हायले असते तर कदाचित निवले असते." आणि मग, शेंगांकडंच बघत, "तू त्येला बोलवायच्या आदी इचार कर, एवढंच म्हनते मी."

चौथ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, थांबलं. खाली पेठेत पोरांनी फटाके लावले. जिंकलं म्हणून की संपलं म्हणून, मला ठाऊक नाही. मी जिन्यात बसले. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज घोगरा, पण तोच. मी जेवण, झोप, पाणी सगळं विचारलं. शेवटी तो म्हणाला, "मग, ते ठरवलंस का?" मी म्हटलं, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." तो म्हणाला, "हे उत्तर नाही झालं." मुलींच्या पेपरात मी लाल पेनानं असंच लिहिते.

तेव्हापासून मी विचार करते आहे, आबा. बस चुकते, दूध उतू जातं, फळ्यावर हात थांबतो. तो आला आणि तुमच्यासारखा खुर्चीत बसला तर? त्याच्याही पोटात असं काही असेल, जे तो गाळून सांगतो? तो तिथं राहिला आणि पुढच्या वेळी चार दिवसांत थांबलं नाही तर? शिळेबद्दल त्या साहेबाचं म्हणणं खरं की तुमचं? तुम्ही घरी आलात म्हणून झिजलात, की झिजलेलेच आलात? युद्धाची कारणं मी मुलींना ओळीनं सांगू शकते. तुमच्या झिजण्याचं एक कारण मला धड मांडता येत नाही, आणि त्याच्या भरवशावर मला एका माणसाचं पुढचं आयुष्य ठरवायचं होतं.

आज सकाळी शाळेला निघताना त्याचा फोन आला. आई देव पूजत होती. मी गॅलरीत गेले आणि तो काही बोलायच्या आत म्हटलं, "या. सोडून या."

तो म्हणाला, "विचार केलास ना?"

"केला."

"बरं," म्हणाला. नंतर आईची तब्येत विचारली आणि फोन ठेवला.

आईला मी अजून सांगितलेलं नाही. हे पत्रही तिला दाखवणार नाही, आणि दुसरीकडं कुठं ते जाणारही नाही. विचार केला हे खोटं नव्हतं. पण ते उत्तर विचारातून आलं नाही, आबा. मला तो घरात हवा आहे; गप्प असला तरी, खुर्चीत बसून राहिला तरी. आणि त्याला स्वतःला काय हवंय, हे मी विचारलंच नाही. तो "राहतो" म्हणाला असता तर माझ्या तोंडून "बरं" निघालं नसतं.