आकड्याला दिलेलं पाणी

कामतघर, भिवंडी
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

ती. हौसाआत्येस,
उन्नतीचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी तुला चुकीचं कळवलं, ते आधी दुरुस्त करते. मनोजशेठच्या लूमच्या कारखान्यात सुताचे जड बीम वर चढवायच्या कप्पीचा, आपल्या भट्टीत केलेला आकडा तुटला, तो जोड उघडल्यामुळे, असं मी लिहिलं होतं. देवेशने जोडाला लावायचा टाकणखार तव्यावर नीट फुलवला नाही, ओल राहिली, असंही लिहिलं. तसं नाही. काल मी तुकडे हातात घेऊन पाहिले. टाकणखार आणि बारीक रेती घालून देवेशने कडीचा जोड असा बसवलाय की रेघसुद्धा दिसत नाही. आकडा तुटला तो वाकणावर. तुटल्या जागी जाड्या साखरेसारखे दाणे चमकतात आणि कानस नुसती घसरते. बिचाऱ्या भावाला मी उगाच नावं ठेवली.

बाबांनी त्या आकड्याला पाणी दिलं होतं. लाल तापवून सबंध पाण्याच्या कुंडीत बुडवला. ट्रकच्या कमानीचं, म्हणजे स्प्रिंगचं पोलाद ते, काचेसारखं कडक झालं. विळ्याच्या धारेला कडकपणा हवा, पण आकड्यावर बीमचा भार लोंबकळणार. बाबांना सांगितलं तर म्हणाले, पाणी दिल्याशिवाय आपल्या भट्टीतून वस्तू बाहेर जात नाही, हा आजोबांचा रिवाज आहे, चार बुकं शिकलीस म्हणून तो मोडू नको.

आत्या, तुटलेल्याच्या जागी शेठने जोडीचा आकडा लावलाय, तोही बाबांनी त्याच दिवशी तसंच पाणी देऊन केलेला. तिथला कामगार बाळारामदादा त्याच्याखाली उभा राहून बीम वळवतो. पहिला तुटला तेव्हा बीम गुडघ्याएवढाच उचलला होता, म्हणून निभावलं. आकडा परत आणून लाल तापवायचा आणि राखेत पुरून हळूहळू निववायचा, म्हणजे कडकपणा उतरेल, एवढंच मी मागते. मला घास उतरत नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून लिहिते. तू थोरली, तुझं ते ऐकतील.

वैशालीवहिनीला नमस्कार. माझ्यावर माया असू दे.

तुझी,
उन्नती


धसई, ता. मुरबाड
शनिवार, ८ नोव्हेंबर

चि. उन्नतीस हौसाआत्येचे आशीर्वाद.
(सासूबाई बोलतात तसंच लिहिते. — वैशाली)

तुझा कागद सुनंकरून दोनदा वाचून घेतला. तू ल्हानपनापासून अशीच हायस. पिठात किडा दिसला त सगल्या आलीला सांगून आलीस, तुझ्या आयला तोंड दाखवाया जागा न्हाय ठेवली.

रिवाज हाय, पन दौलतला अर्धाच ठाव. मी भाता ओढायची तवा तुझा बाप रांगत व्हता. आमचा बा विल्याची धार तेवरी पान्यात बुडवायचा. चिमटा, गाडीची कडी असली त थंड झाल्यावर बोटानं चार थेंब शिंपडायचा. झालं पानी. हे दौलतला माझं नाव घेऊन सांग.

पन शेटच्या दारात तू जाव नको. देवेशची सोयरीक ठरते हाय. पोरीनंच बापाच्या वस्तूला खोट लावली त उद्या भट्टीवर कोन येल? बापाला करू दे काय ते. आन जेवत जा. तुला बघाया येतील ते काय काडीला बघतील?

लोभ हाय तो हायच.

हौसा


कामतघर, भिवंडी
बुधवार, १२ नोव्हेंबर

ती. हौसाआत्येस,
उन्नतीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. थेंबांचं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, हौसा असंच म्हणाली का. मी ती ओळ पुन्हा वाचली. मग ते भट्टीतली राख उकरत बसले, चहासुद्धा घेतला नाही. उठले तेव्हा म्हणाले, शुक्रवारी लूम बंद असतात, देवेश काहीतरी निमित्त काढून आकडा उतरवून आणेल, आपण राखेत निववू, कोणाला कळायची गरज नाही. मी हो म्हटलं. दोन रात्री झोपही लागली.

आज नळावर बाळारामदादाची बायको पुतळाबाई भेटली. नवे बीम उद्याच येताहेत, नवऱ्याची डबल ड्युटी आहे म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं, त्याला उद्या पाठवू नको म्हटलं. ती हसली. म्हणाली, त्याला तिथे विचारतो कोण, हा नाही गेला तर दुसरा उभा करतील, आणि परवा याला घेणार नाहीत.

घरी येऊन बाबांना सांगितलं. एका दिवसाने काय होतंय, म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. मग मी देवेशच्या हातापाया पडले. त्याला शेठसमोर उभं राहायचं नाही, सोयरीक मोडेल म्हणतो. संध्याकाळी मीच कारखान्यात गेले. शेठ बाहेरगावी, सकाळी येणार. मुनीम म्हणाला, बाईमाणसाच्या सांगण्यावरून कप्पी उतरवत नाहीत.

आत्या, तुझा शब्द मोडते आहे. तुटलेले तुकडे पिशवीत घेतलेत, ते शेठच्या पुढ्यात ठेवून आमच्या भट्टीची चूक आहे असंच सांगणार. ऐकलं नाही तर त्या आकड्याखाली मी उभी राहीन, मग बघू कोण बीम चढवतो. मला फार भीती वाटते. बाबा पुन्हा माझ्याशी बोलतील की नाही, माहीत नाही. तू तरी पत्र पाठवायचं सोडू नको. मी जाते ती उद्याच, गुरुवारी, तेरा नोव्हेंबरला, सकाळची शिफ्ट चढायच्या आत.

तुझी,
उन्नती