केळीची वॅगन

फैजपूर,
ता. २२ नोव्हेंबर १९४८

चिरंजीव शालिग्रामला आजीचे आशीर्वाद. आम्ही सगळे धडधाकट आहोत. तूही असशील, रेल्वेच्या मालबाबूला दुखायला फुरसत कुठली.

अक्षर फुलचंदशेठचं आहे. आपली केळी दिल्लीला धाडणारा व्यापारी आपणहून दौत-टाक घेऊन ओट्यावर आला, तेव्हाच कळलं की पत्र मला नाही, त्यांना लिहायचंय. म्हणतात, काश्मीरच्या लढाईने सगळ्या वॅगनी लष्कराकडे गेल्या, कापलेला माल सावद्याच्या स्टेशनावर सडतोय, आणि भुसावळला वॅगनी वाटणारा तर तुमचाच नातू. एक दिली तर उपकार होतील. हे त्यांनी दोनदा लिहिलंय. मला वाचता येत नाही, पण टाक त्याच वळणांनी पुन्हा फिरला एवढं दिसतं.

मालाची काळजी करू नकोस. सरकार लढाईवर पैसा ओततंय, त्यातला थोडा शिपायांच्या खिशातून भुसावळच्या फलाटावरून जातोच की. गाडी पाण्याला थांबते, पोरं भुकेली असतात. मी केळी पाल्यात दाबून पिकवली, आपल्या गड्याने, झिपरूने, बैलगाडीने नेली, फलाटावरच्या फेरीवाल्यांनी हातोहात उचलली. शेठ म्हणाले, हा काही व्यापार नव्हे. म्हटलं, सडवणं तरी कुठे व्यापार आहे?

शेठ गेले. आता अक्षर लताबाईचं. नवऱ्याला लिहायचं म्हणून लाजतेय, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून सांगते.

झिपरूने तुझा निरोप दिला. लष्कराचा माल अशी चिठ्ठी लावून आपली केळी चढवतो म्हणालास. नवरा गावाला वॅगन देत नाही म्हणून बायका लताला टोमणे मारतात, ते तुझ्या कानी गेलं असणार. मारू देत. शेठपुढे बोलले नाही, पण खरं सांगते, निम्मा माल म्हशींनीच खाल्ला, आणि निरोप ऐकून मलाही मोह झाला. मग शेजारच्या बेबाबाईला विचारलं. तिचीही केळी सडतायत, आणि तिचा कौतिक तिकडे बर्फात लढतोय. ती एवढंच म्हणाली, "माह्या पोराचं पांघरून त्याच डब्यात असीन त?"

तर शालिग्राम, वॅगन देऊ नकोस. शेठला नाही, आपल्यालाही नाही. गाव तुला बोल लावील, तर मी ओट्यावर बसून सांगीन की नातू द्यायला तयार होता, म्हातारी आडवी आली.

वॅगन अडवणारी तुझी आजी,
शेवंताबाई