गिटारचा खरा रंग

अमरावती
२४ मार्च २०२५

चि. धर्मेंद्र,
सप्रेम जयभीम.

आम्ही सारे इथं मजेत आहो, तुम्ही सारे अकोल्यात मजेत असान. लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. इथं मजा कोणालेच नाही, अन् तेही तुह्यामुळं.

फोन सोडून पत्र काहून, तं फोनवर मी बाबाचं नाव काढलं का तू मधातच "ताई, गिटारच्या मानेमागच्या पत्र्याचा फोटो पाठव ना" म्हणतं. पत्राले मधात तोडता येत नाही. आत्ताच शाळेतून शिकवून आली, चहा घेतला अन् लिहाले बसली. गुमान वाच.

मुद्दा हा आहे का चौदा एप्रिलले देवमनकाका जुनी गायन पार्टी पुन्हा उभी करून राहिले. ढोलकी ते स्वतः, पेटीवर सूर्यभानचा पोरगा, अन् गिटारवर जानराव, म्हणजे आपले बाबा. पत्रिका छापाले गेली. अन् बाबा म्हणतेत, मी येत नाही. काहून येत नाही ते खाली लिहिते. पहिले तुह्या प्रश्नांची उत्तरं देते, नाही तं तू बाकीचं वाचणारच नाही.

मानेच्या मागच्या पत्र्यावर नंबर नाही. चार स्क्रू आहेत, त्यातला एक आपल्या जुन्या दाराच्या कडीचा आहे, तो बाबानंच बसवला. तू म्हटलं म्हणून तारांखालची पांढरी प्लास्टिकची पट्टीही खोलली. माहं नख तुटलं, पण ते तुले काय! पट्टीखाली लाकडावर शिक्का आहे. इंग्रजीत कलकत्ता लिहिलं आहे. कलकत्ता, धर्मेंद्र! तुह्या त्या जुन्या गिटारवाल्यांच्या ग्रुपवर जे महापंडित "अस्सल जपानी मॉडेल" म्हणून नाचून राहिले होते, त्याइले सांग. जपानी पाहून कलकत्त्याच्या कोण्या कारखान्यानं केलेली नक्कल आहे. खोदा पहाड, निकला चूहा. अन् खोदला तो पहाड कोणाचा होता, हे कोणी इचारलं नाही.

आता तुहं ते फिनिश. तू खरवडलेल्या निळ्याच्या खाली मधात पिवळा, कडेले लाल-काळा रंग निघाला, त्याचे फोटो तू साऱ्या दुनियेले दाखवले. मले तं तो लगनाच्या बँडचा रंग दिसते. दिसनच, कारण बाबानं ती अकोल्याच्या बँडवाल्या खुशालरावापासूनच घेतली होती. पहिल्या जयंतीले पार्टीनं ठरवलं का मंचावर जे जाईन ते निळंच जाईन. पेटी निळी, ढोलकीची दोरी निळी. गिटारले विहाराच्या गेटाचा उरलेला ऑइलपेंट लावला. मंग दरवर्षी जयंतीच्या आधी घर पोतलं का गिटारलेही एक हात. ऑइलपेंटनं आवाज दबते, हे मले नको शिकवू. बाबालेही माहीत होतं. ते म्हणायचे, "दबू दे, आपला गळा काय दबला हाय का?"

तू म्हणशीन, मी तं बाबासाठीच केलं. माहीत आहे मले. जयंतीले बाबाच्या हातात गिटार अशी द्यायची का कारखान्यातून आत्ताच निघाली, हे तुह्या मनात होतं. म्हणून तुले शिव्या देतानाही माही जीभ अडखळते, अन् त्याचाच मले जास्त राग येते. फेब्रुवारीत आला, दोन दिवस अंगणात ब्लेड घेऊन बसला, घासघास घासलं. बाबा बाजूलेच खाटेवर होते. त्याइनं इचारलं, "काय करून राहिला रे धर्मा?" तू म्हटलं, "साफ करून राहिलो, बाबा." ते म्हणाले, "कर, कर."

तुले नवल नाही वाटलं? समोर आपली गिटार सोलून राहिला पोरगा, अन् माणूस कर कर म्हणते?

हे लिहू का नको, करत करत इथवर आली. बाबानं शपथ घातली होती, धर्माले सांगू नको, त्याची नोकरी दूरची, उगा पळत येईन. अकोला काय लंडन आहे का? मूर्तिजापूर ओलांडलं का आलं. पण बाबापुढं कोण बोलन! तं ऐक. बाबाले दिसत नाही. तुले "धुकं धुकं दिसते" म्हणाले ना, ते खोटं. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. डॉक्टरनं सांगितलं, गेलेली नजर ऑपरेशननं येत नाही. तू आला तवा ते तुह्या आवाजाकडं तोंड करून बसायचे, अन् तू ब्लेडकडं पाहून राहिला होता. तू साफ करतो म्हटलं, त्याइनं तारांचा गंज काढते समजलं.

तू गेल्यावर त्याइनं गिटार मांडीवर घेतली. हात फिरवला. वरच्या कडेवर अंगठा आणला, मागंपुढं केला, पुन्हा फिरवला. मले म्हणाले, "ही कोणाची उचलून आणली वं?"

म्या म्हटलं, "तुमचीच हाय, बाबा."

"माही कशी? धर्माचं बोट कुठं हाय हिच्यावर?"

आठवते तुले? तुह्या त्या फोटोखाली तूच लिहिलं होतं, "वरच्या कडेले रंगात खड्डा आहे, कोण्या गधड्यानं ओल्या रंगात बोट घातलं." लेका, तो गधडा तू. तीन वर्षांचा होता. आईनं तुह्या पाठीत धपाटा घातला, अन् बाबा म्हणाले, राहू दे, पोरानं सही केली. मंग दरवर्षी नवा हात देताना तेवढी जागा सोडून कुंचा फिरवायचे. दरसाल रंग चढत गेला, खड्डा खोल होत गेला. वाजवताना अंगठा तिथंच टेकवायचे. डोळे गेल्यावर तं तेवढीच खूण होती. मी हे तुले तवाच सांगितलं असतं, पण मी शाळेत होती, अन् आली तवा तू ती कड सोलून मोकळा झाला होता.

तवापासून गिटार कोपऱ्यात आहे. बाबा जेवतेत, रेडिओ ऐकतेत, तुह्याबद्दल एक शब्द वाकडा बोलत नाहीत. फक्त माणसं आली का इचारतेत, "माही गिटार धर्मानं अकोल्याले नेली का?" मागच्या हप्त्यात मी निळ्या ऑइलपेंटचा डबा आणला अन् स्वतः दोन हात दिले. बाबाले म्हटलं, घ्या, निळी केली. त्याइनं कडेवर अंगठा फिरवला. म्हणाले, "असन निळी. पण माही नाही." देवमनकाका पाया पडाचे राहिले, तरी जयंतीले नाहीच म्हणतेत.

तं आता तुह्या ग्रुपवर लिहून टाक: मॉडेल कलकत्त्याचं, फिनिश निळं, ऑइलपेंट, घरी दिलेलं. हेच ओरिजिनल. अन् कोणी काही बोललं तं माहा नंबर दे.

शेवटचा हात मी बाकी ठेवला आहे. येत्या रविवारी सकाळी मारते. रंग दुपारपर्यंत ओला राहते, तू पहिल्या गाडीनं निघ. बाबाच्या मांडीवर गिटार ठेवू, वर्तमानपत्र टाकून, अन् त्याइच्यासमोरच तू त्या कडेवर बोट टेकव. तुहं बोट आता मोठं झालं, जागा तेवढीच राहणार नाही. बाबाले कळनच. कळू दे.

ब्लेड आणलं तं दारातूनच परत पाठवीन.

वाट पाहणारी, तुह्यावर लय चिडलेली,
तुही ताई
प्रियदर्शनी