भाजत्या ब्रेडचा वास

४ जानेवारी, शनिवार

अंकितानं जिन्यात गाठलं. वरच्या मजल्यावरची. "वहिनी, कुठं उंदीर मेलाय का हो? जिन्यात वास मारतोय."

मी म्हणाले, "बघते."

उंदीर नाही. आत्या आहेत.

"बघते" म्हणाले! कॉलेजात मुलांना मराठी शिकवते, शब्द जपून वापरा म्हणते. आणि जिन्यात उभ्या उभ्या सासूचा उंदीर होऊ दिला.

आत्यांना कुंडलहून आणून महिना झाला. उजव्या गालाला जखम, आतून बाहेरपर्यंत. जन्मभर मिश्री लावली त्याची. मिरजेच्या डॉक्टरांनी जयराजला बाजूला घेऊन सांगितलं — आता कापण्यासारखं काही नाही, जखम धूत राहा, मऊ खायला द्या. जयराजची फौजेतली सुट्टी संपली, तो तेजपूरला युनिटवर गेला. धुते मी. धुताना श्वास रोखते. त्यांना कळत नसावं.

५ जानेवारी, रविवार

उदबत्ती लावली तर आत्यांना ठसका लागला. रूम फ्रेशनर मारला. त्या वासात मोगरा मिसळला — जास्तच वाईट.

मग माळ्यावरून ब्रेडचं मशीन काढलं. जयराजनं कँटीनमधून आणलेलं, दिवाळीपासून खोक्यातच होतं. पाणी, तेल, मीठ, पीठ, यीस्ट घालायचं. झाकण लावायचं. बटण दाबायचं. तेच मळतं, तेच फुगवतं, तेच भाजतं. बराच वेळ नुसती घरघर. भाजायला लागल्यावर वास सुटला. स्वयंपाकघर, बाहेरची खोली, आत्यांची खोली — सगळं भरलं.

दुसरा वास गेला!

दुधात कुस्करून नेला. आत्यांनी वाटीत बघितलं. "कोण आजारी हाय?"

कुंडलला ब्रेड दुखणेकऱ्याला भेटायला जाताना नेतात. एरवी घरात येत नाही.

मी चमचा पुढं केला. त्याच म्हणाल्या, "आगं व्हय की. मीच की." आणि हसल्या. हसताना तोंडावर पदर घेतला. हल्ली बोलतानाही घेतात. गाल दुखत असावा.

९ जानेवारी, गुरुवार

अंकिता दारात. "काय वास सुटतो वहिनी तुमच्याकडं! बेकरी काढलीत का?" उंदीर विसरली.

मी फायदे सांगितले. ताजा मिळतो. टिकवायची पावडर नसते. मीठ-साखर आपल्या हातात. मैदा नको असेल तर घरचे गहू दळून आणायचे. मळायला हात लागत नाहीत, जवळ थांबावं लागत नाही. वेळ लावून ठेवली की आपण म्हणू तेव्हा तयार.

सगळं खरं. एक फायदा सांगितला नाही.

आत्यांचं दार उघडं होतं. "जवळ थांबावं लागत नाही" हे मी मोठ्यानं म्हणाले का?

१० जानेवारी

आत्या दोन घास खातात. बाकीचा मी खाते, अंकिताला देते, फ्रीजमध्ये कोंबते. कालचा अख्खा पडलेला असताना आज नवा लावला.

संध्याकाळी जयराजचा फोन. "आईसाठी रोज ताजा ब्रेड करतीस. इथं लंगरात जेवताना सगळ्यांना सांगितलं मी, बायको असावी तर अशी!"

मी म्हणाले, नेटवर्क तुटतंय. तुटत नव्हतं.

१३ जानेवारी, भोगी

आत्यांना तीळ लावलेली बाजरीची भाकरी हवी होती. चावणार कशी? बाजरीचं पीठ मशीनमध्ये घातलं, वर तीळ टाकले. फुगलाच नाही. वीट!

आत्यांनी वाजवून बघितली. "शिवांजली, घर बांधाया काढलंयस व्हय गं?" मग उलटी केली. मळायचं पातं अडकतं तिथं ब्रेडच्या बुडाला भोक राहतं. त्यात बोट घालून म्हणाल्या, "ह्येला बी माझ्यागत भोक पडलंय."

दोघी हसलो. खूप दिवसांनी.

मग मी तवा ठेवला आणि भाकरी थापली. तीळ लावले. गरम दुधात भिजवून, अगदी लगदा करून दिली. वाटी पुसून खाल्ली त्यांनी. ब्रेड असा कधीच खाल्ला नाही.

पण भाकरीचा वास घरात राहत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

ब्रेड लावला.

२४ जानेवारी, शुक्रवार

हळदीकुंकू केलं. बायका संध्याकाळी यायच्या होत्या. वेळ जुळवून मशीन दुपारी लावलं. पहिली बाई दारात आणि वास पुरता सुटलेला! "अगंबाई, घरी करता?" फायदे पुन्हा सांगितले. पाठ झालेत.

आत्यांचं दार ओढून घेतलं. म्हणाले, "गलका होईल आत्या, तुम्हाला झोप लागायची नाही." त्या म्हणाल्या, "लाव की."

कुणी विचारलं नाही. विधवा बाई हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत — त्यात विचारायचं काय? ज्या रिवाजावर मी वर्गात तावातावानं बोलते, तो आज माझ्या कामाला आला.

सगळ्या गेल्यावर दार उघडलं. आत्या जाग्या होत्या. "बायका लय आल्त्या गं," म्हणाल्या. तोंड भिंतीकडं.

२५ जानेवारी

दार दिवसभर उघडं ठेवलं. आज कुणी यायचं नव्हतं.

२९ जानेवारी, बुधवार

कुंडलच्या तानुबाई आल्या. आत्यांची मैत्रीण. दोघींनी उभा जन्म एका रानात शेजारी बसून खुरप्यानं भांगलण केली. चार वाजता येते म्हणाल्या होत्या. मी मशीन त्या बेतानं लावलं. त्या जेवणाच्या वेळेलाच दारात! मशीन अजून मळत होतं. घरात ओल्या पिठाचासुद्धा वास नव्हता. फक्त तो होता.

हातात ब्रेडचा पुडा आणि बिस्किटं. "आगं बनाक्का! लय वाळलीस गं. सून खायाला घालती का न्हाई?" असं म्हणत जवळ वाकल्या. आणि पदर नाकाला गेला. लगेच खाली घेतला, तोंड पुसल्यासारखं केलं. पण गेला.

मी बघितलं. आत्यांनीही.

"तानी, तकडं खिडकीपाशी बस. वारं लागंल," आत्या म्हणाल्या.

तानुबाई बसल्या. उसाला तोड आली, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली. सगळं खिडकीकडं बघून सांगितलं. चहा ठेवते म्हणाले तर "एस्टी चुकंल बाई" करत उठल्या. ब्रेड भाजायला लागला तेव्हा त्या स्टँडवर पोचल्या असतील.

मला आधी काय वाटलं? आत्यांचं वाईट वाटलं असं लिहायला हवं. नाही. वेळ चुकली याचा राग आला. सकाळीच मशीन लावलं असतं तर!

३० जानेवारी

तानुबाईंचा पुडा आत्यांच्या उशाशी तसाच. हलवू का विचारलं. "ऱ्हाऊ दे. तिनं आनलाय."

मशीन लावलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

जखम धुताना श्वास रोखायचा नाही असं ठरवून गेले. रोखला. आत्यांनी डोळे मिटून घेतले.

५ फेब्रुवारी, बुधवार

तानुबाईंचा फोन आला. उद्या संध्याकाळी येतायत. आत्यांना जाऊन सांगितलं.

पदराआडून म्हणाल्या, "उद्या मशीन आदीच लावून ठेव गं. तानी कवाबी येळंच्या आदी येती."