कुंडीतली थोटकं

घाटकोपर,
९ ऑक्टोबर २०२५

सिद्धेश,

आईंना नमस्कार सांग. तुझी लेक बरी आहे. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून बाहेर आल्यापासून अंग धरायला लागलीय. रडते मात्र अशी की शेजारीपाजारी जागे होतात.

फोनवर तू "बरं बरं, बघू" करून ठेवून देतोस, म्हणून हे लिहून माझ्या भावाच्या, नितेशच्या हाती पाठवतेय.

आईंनी रविवारी मुलुंडला बारसं धरलंय म्हणे. हॉल, जेवण, सगळं झकास. मला कुणी विचारलं नाही, ते जाऊ दे.

ओढायचो तर दोघंही. ऑफिसखालच्या टपरीवर एका सिगारेटमध्ये दोघं, तेव्हा तुला कोण मजा वाटायची! दिवस राहिले तशी मी सोडली. डोकं फुटायचं, भांडी आपटायचे. दवाखान्यातल्या आयरीन सिस्टर हात धुऊन मागे लागल्या म्हणून सुटली. तुलाही समोर बसवून म्हणाल्या, "दोघांनी सोडा, एकटीला जड जातं." तू "हो सिस्टर" म्हणालास आणि घरी येऊन बाल्कनीत गेलास.

मग कढीपत्त्याच्या कुंडीत आईंना थोटकं सापडली. तुझी. पण त्यांच्या लेखी तू सुपारीसुद्धा खात नाहीस ना! माझ्यावरच ओरडल्या, "पोटात पोर आहे, लाज नाही वाटत?" तू मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलास. मला वाटलं, नंतर तरी सांगशील. नाही रे सांगितलंस.

पोर वेळेआधी झाली, तेव्हा दवाखान्यात सगळ्यांदेखत त्या म्हणाल्या, "आईच सिगारेट फुंकणारी, मग काय होणार!" तू तिथेच मोसंबी सोलत होतास. किळस आली मला तुझी.

त्या दिवशी खरंच वाटलं, नाव झालंच आहे तर एक ओढूनच घेते. सिस्टरना फोन केला. म्हणाल्या, "अगं, त्याच्यासाठी सोडली होतीस का? मग त्याच्यापायी परत कशाला धरतेस?" नाही ओढली.

आता ऐक. ती थोटकं तुझी होती, हे आईंना सांग. माझ्यासमोर नको, मी तिथे नसतानाच सांग. सांगितलंस तर ये आणि आम्हाला घेऊन जा. नाही जमलं, तर बारसं इथेच, माझ्या माहेरी होईल. तूही ये. पाहुण्यासारखा जेव, पाळण्यात डोकाव आणि आपल्या घरी जा.

तुझ्या लेकीची आई,
दिशा